जर-तरचा तास

२ मार्च २००९, सोमवार

जर-तर! एवढं व्याकरण पडलंय, पण जिल्ह्याच्या लोकांनी शेवटच्या फेरीला विषय काढला तो हा — इयत्ता पाचवी, अटीची आणि कल्पनेची वाक्यं. हेडमास्तर ओउयांग फोन ठेवून स्टाफरूममध्ये आले आणि शोकसभेत सांगावं तसं त्यांनी सांगितलं. थान सरांनी चहा खाली ठेवला. मी शेगडीवरचा बटाटा विसरले, तो जळला.

सगळं लिहून काढते, म्हणजे डोकं थंड होईल. आमच्या जिल्ह्यातून एकाच शिक्षकाला ग्वेयांग शहरातल्या शाळेत घेणार. शेवटच्या फेरीत उरलोय दोघं आणि दोघंही याच शाळेतले — पाचवी 'अ'ची मी आणि पाचवी 'ब'चे थान सर. एप्रिलच्या मध्यावर परीक्षक इथे येऊन दोघांचा एकेक तास बघणार. पहिला येईल तो शहरात. दुसरा इथेच, पायशुईच्या धुक्यात, निवृत्त होईपर्यंत.

आणि शहरात वेनबिन आहे. लग्नाला सहा वर्षं होत आली, पण नवऱ्याबरोबर सलग राहिले ती फक्त नव्या वर्षाच्या सुट्टीत. तीही सासूबाईंच्या खोलीत, मधे पडदा लावून! मला हा नंबर पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजेच.

५ मार्च, गुरुवार

दळण सुरू झालं. दाखवायचा तास आमच्याकडे कुणी एकट्याने तयार करत नाही. भाषेचे सगळे शिक्षक शेगडीभोवती बसणार, मी तास घेऊन दाखवणार, मग सगळे मिळून तो दळणार. मग पुन्हा तास, पुन्हा दळण. थान सरही बसतात, नियमच आहे. ते माझ्यात चुका काढतात, मी त्यांच्यात. मधे शेगडीवर टोफू भाजला जातो आणि त्याला मिरचीची पूड लावून सगळे खातात. दळणात मला आवडतं ते एवढंच.

आजचा निकाल असा. मी हसते जास्त. मी हसते कमी. फळा पुसताना पाठ दिसते. लाल स्वेटर घालू नये. लाल स्वेटरच घालावा. हे शेवटचं मेंग बाईंचं. त्या पुढच्या वर्षी निवृत्त होतात आणि असे तास त्यांनी खंडीभर पाहिलेत, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही.

"जोड्या सांभाळ," त्या म्हणाल्या. "जोडी सुटली, गुण गेले."

या वाक्यात 'जर' कुठे होतं, ते मी विचारलं नाही.

खरी गंमत तिथेच आहे. पुस्तकात कशा सगळ्या जोड्या लावून ठेवल्यात! पहिल्या तुकड्यात 'रुग्वो' आलं की दुसऱ्यात 'ज्यू' आलंच पाहिजे, म्हणजे जर आणि तर. पुरेशी अट असेल तर एक जोडी, हवीच अशी अट असेल तर दुसरी. 'तरी'ला तिसरी. 'नसतं झालं तर'ला चौथी. आणि गावात बोलतं कोण असं? आज भाजीवाली मला म्हणाली, "मुळा घेतलास, पात फुकट." शिपाई म्हणाला, "पाऊस आला, घंटा नाही." दोन तुकडे शेजारी ठेवायचे, बस! आमचं क्रियापद तर रूपसुद्धा बदलत नाही. झालेलं आहे, व्हायचं आहे की नुसतं मनातलं आहे, ते ऐकणाऱ्याने तोंडाकडे बघून ओळखायचं. म्हणजे पोरांना जे दूध पितानाच येतं, तेच मी त्यांना जोड्या लावून परत शिकवणार आणि त्यावर शहरात जाणार.

८ मार्च, रविवार

वेनबिनचा फोन. रविवारी संध्याकाळी येतोच. तू आलीस की कपडे धुवायचं मशीन घेऊ. तू आलीस की गच्चीत मिरच्या लावू. तू आलीस की आपली वेगळी खोली बघू. याचं सगळं 'तू आलीस की'वर लटकलेलं! मागून सासूबाईंचा आवाज, "आधी पहिली येऊ दे." मी म्हटलं, कधीतरी तूच ये ना इकडे. तर म्हणे लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस पायशुईत काय दुरुस्त करणार, तिथे जिनेसुद्धा धड नाहीत. आणि शिवाय आईला विचारावं लागेल. त्याला केस कापायचे असले तरी आईला विचारावं लागतं.

माणूस वाईट नाही. फोन ठेवताना नेहमी विचारतो, जेवलीस का? मी म्हणते, हो.

११ मार्च, बुधवार

वर्गात आज पहिल्यांदा तोंडी वाक्यं घेतली. हसू दाबून पोट दुखलं.

पुरेशी अट मी अशी समजावली — एवढं एक झालं की पुरे, पुढचं आपोआप होतं. दुआन लेई उठला. "बाबांची मोटारसायकल वळणावर वाजली की पुरे, आजी माजाँगच्या सोंगट्या उशीत भरते." वाक्य अचूक! त्याचे बाबा पालक समितीचे अध्यक्ष आहेत आणि जुगाराविरुद्ध भाषणं देतात.

हवीच अशी अट, म्हणजे 'तरच'. मागच्या बाकावरून आलं, "मामा झोपला तरच त्याची बासरी थांबते." मग 'तरी' घेतलं. लगेच एक उत्तर — "थान सर फाटकात उभे असले तरी मी नखं कापणार नाही." वर्गात टाळ्या. थान सर शिस्तीचे प्रमुख आहेत. रोज सकाळी फाटकात नखं, केस आणि गळ्यातले लाल रुमाल तपासतात. भोवरे, गोट्या, यो-यो असं जे सापडेल ते जप्त. त्यांच्या कपाटात एव्हाना एक दुकान उघडेल एवढा माल असेल. मी टाळ्या थांबवल्या. फार लवकर नाही थांबवल्या.

थाओ यिंगला विचारलं. ती उठली, खिडकीबाहेर बघत राहिली, मग म्हणाली, "पाऊस पडतो."

मी म्हटलं, मग?

म्हणाली, मग काही नाही. पडतो.

१७ मार्च, मंगळवार

दळण तिसरं. मेंग बाईंनी आज आतली गोष्ट सांगितली. परीक्षकांना तास फार गुळगुळीत दिसता कामा नये. बाराव्या-तेराव्या मिनिटाला एका मुलाने गोड चूक करायची, मग बाईंनी ती प्रेमाने सुधारायची, मग सगळ्या वर्गाला उजेड पडायचा. चूक आधी ठरवायची, मूलही आधी ठरवायचं. आणि हात! प्रश्न विचारला की झाडून सगळ्यांनी हात वर करायचे. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. परीक्षकांना दिसतं हातांचं रान, मला मात्र कळतं कुणाला उठवायचं.

थान सर म्हणाले, ही फसवणूक आहे. आणि वहीत लिहून घेतलं.

चूक ठरली. "कितीही पाऊस पडला *तर* आम्ही खेळायला जातो." तिथे 'तरी' पाहिजे. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवणार — 'चूक कुठे झाली?' — आणि तो फळ्यावर लावणार. चूक करायला कोण? ओउयांग सर म्हणाले, थाओ यिंगला त्या दिवशी सर्दी झाली तर बरं होईल. म्हणजे तिला घरी ठेवा! माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ती बसणार, आणि चूक तिलाच देणार. एका मुलीला तरी तासात हमखास उत्तर देता येऊ दे.

२४ मार्च, मंगळवार

थाओ यिंगला चूक जमत नाही!

आठवडाभर रोज मधल्या सुट्टीत घोटून घेते आहे. 'तर' म्हण, बाळ. 'तर'. ती मान हलवते आणि म्हणते, "कितीही पाऊस पडला तरी आम्ही खेळायला जातो." अगदी शुद्ध! जन्मात पहिल्यांदा. मी विचारलं, असं का म्हणतेस? म्हणाली, पण आम्ही जातोच ना बाई.

३० मार्च, सोमवार

झेंड्याच्या वेळी ओउयांग सरांनी सगळ्या शाळेपुढे जाहीर करून टाकलं. लुओ बाई आणि थान सर, दोघांपैकी जो पहिला येईल तो ग्वेयांगला जाईल, शाळेचं नाव उजळेल, तेव्हा पाचवीच्या मुलांनो, आपापल्या शिक्षकांना साथ द्या! मला लाज वाटली. थान सरांची छाती मात्र फुगली.

वर्गात आल्यावर मॉनिटर लोंग श्यूने विचारलं, "बाई, थान सरसुद्धा पहिले येऊ शकतात?"

मी म्हटलं, येतीलच की, तुम्ही धड उत्तरं दिली नाहीत तर.

तिने मान डोलावली. मोठी समजूतदार मुलगी आहे.

४ एप्रिल, शनिवार

थडगी झाडायचा दिवस. बाबांच्या पुढ्यात दारू ओतली, कागदी नोटा जाळल्या, आणि काही अट वगैरे न घालता सरळ म्हटलं, पाठवा मला तिकडे.

१० एप्रिल, शुक्रवार

'ब' तुकडीला गालफुगी! निम्म्या वर्गाचे गाल पावासारखे फुगलेत आणि तुकडी दहा दिवस बंद. सकाळी बातमी ऐकून मी, लिहायला लाज वाटते, पण खूश झाले. आता थान सर तास कुणावर घेणार?

दुपारी कळलं. माझ्या वर्गावर!

जिल्ह्याने फोनवर सांगितलं म्हणे. मुलं तीच, आधी लुओ बाईंचा तास, मग थान सरांचा. मी ओउयांग सरांच्या टेबलावर हात आपटला. पाच आठवडे दळलं मी आणि भाकरी भाजणार ते! ओउयांग सर म्हणाले, एकाच वर्गावर तुलना जास्त न्याय्य होते. थान सर दारात उभे राहून बुटांकडे बघत होते. म्हणाले, मला तर तुमची मुलं ओळखतसुद्धा नाहीत, माझं काय होणार? मी म्हटलं, ओळखतात सर, तुम्हाला चांगलं ओळखतात.

हे म्हटल्यावर मात्र बरं वाटलं. त्यांच्या तासाला पोरं तोंड उघडायची नाहीत! रात्री छान झोप लागेल.

१५ एप्रिल, बुधवार

उद्या. लाल स्वेटर धुवून शेगडीजवळ वाळत घातलाय. पुठ्ठा तयार. पोरांना शेवटचं सांगितलं — उजवा हात येतंय, डावा हात येत नाही. सगळे एकदम म्हणाले, "हो बाई." इतके गुणी ते कधीच नसतात.

१६ एप्रिल, गुरुवार

मेले मी.

नीट लिहिते. कुणाला सांगायची सोय नाही, निदान इथे तरी लिहिते. मागे परीक्षक बसलेले, पाच जण. बाजूला ओउयांग सर, मेंग बाई, थान सर. मी पहिला प्रश्न टाकला आणि हात वर — सगळे उजवे! एकूण एक! थाओ यिंगचासुद्धा. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. हुकमी म्हणून लोंग श्यूला उठवलं. "पुरेशी अट म्हणजे काय?"

ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "माहीत नाही."

मला वाटलं घाबरली. पुढे गेले. दुआन लेई, तू वाक्य सांग. म्हणाला, "जर पाऊस पडला..." आणि थांबला. तर? "तर पाऊस पडला." पुन्हा उजव्या हातांचं रान. तिसऱ्याला उठवलं. "मी मेलो तरच मी बरा होतो." चौथीने प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. पाचव्याने तिचा प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. एक छोटासा मुलगा भसकन म्हणाला, "बाई आल्या नसत्या तर आम्हाला हे कळलं नसतं," एकदम बरोबर! मी "शाब्बास" म्हणेपर्यंत शेजारच्याने त्याला असा चिमटा काढला की तो कळवळून खाली बसला आणि म्हणाला, चुकलं, चुकलं.

परीक्षकांपैकी एक बाई खोकत होती. खोकला नव्हता तो. ती हसत होती.

शेवटी वाटलं, निदान ठरलेली चूक तरी पदरात पाडून घेऊ. थाओ यिंगला उठवलं आणि घाईत पुठ्ठा आधीच फळ्यावर लावून बसले — 'चूक कुठे झाली?' ती उठली. माझ्याकडे बघितलं. मग खणखणीत आवाजात, "कितीही पाऊस पडला तरी आम्ही खेळायला जातो."

अख्ख्या तासात एकच उत्तर बरोबर, आणि ते नेमकं तिथे, जिथे मला चूक हवी होती! मागे फळ्यावर पुठ्ठा. चूक कुठे झाली? मी काय सांगू, सगळीकडेच झाली.

मग थान सरांचा तास. नियमाने मलाही मागे बसावं लागलं. आणि काय सांगू! तीच पोरं, पाखरांसारखी! हात, उत्तरं, जोड्या, काही विचारायची खोटी. लोंग श्यूने पुरेशी अट आणि हवीच अशी अट यांतला फरक सांगितला, तो मेंग बाईंनासुद्धा इतका सरळ सांगता आला नसता. दुआन लेई म्हणाला, "थान सरांसारखे शिक्षक मिळाले तरच शहर सुधारेल." दुसरी म्हणाली, "थान सर फाटकात नसते तर आमची नखं कुणी पाहिली असती?" थान सरांनी चष्मा काढून पुसला. पोरांनी त्यांच्यावर असा जीव टाकलेला आयुष्यात कधी पाहिला नव्हता, त्यांनीही आणि मीही.

कृतघ्न कार्टी. भोवरे परत मिळतील म्हणून लाळघोटेपणा केला, दुसरं काय! मी खोलीवर येऊन स्वेटर काढला आणि रडले.

१९ एप्रिल, रविवार

वेनबिनला सांगितलं. म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. मागून सासूबाई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." जेवलीस का, म्हणाला. मी फोन ठेवला.

२० एप्रिल, सोमवार

निकाल. थान सर पहिले. अर्थात.

संध्याकाळी खोलीवर आले, हातात संत्र्यांची पिशवी. बसले, उठले, परत बसले. म्हणाले, बायकोला जायचंय शहरात, मला कुठे जायचंय? माझी बदकं आहेत इथे, तळ्यावर सात वर्षं जोपासलेली, ती तिसऱ्या मजल्यावर कुठे ठेवू? तुम्ही सांभाळाल का, लुओ बाई?

म्हणजे पहिला नंबर त्यांना आणि बदकं मला! हसावं की रडावं कळेना. संत्री मात्र गोड आहेत.

२३ एप्रिल, गुरुवार

चार दिवस वर्गाशी बोलले नाही. शुद्धलेखन घाला, तपासा, घाला. पोरंही गप्प. आज लोंग श्यू वह्या गोळा करायला आली, तेव्हा माझा बांध फुटला. सगळ्यांसमोर विचारलं, काय वाकडं केलं होतं मी तुमचं? थान सरांपुढे पोपट आणि माझ्यापुढे दगड?

लोंग श्यू म्हणाली, "तुम्ही जिंकलात, तुम्ही गेलात. सर जिंकले, सर गेले."

मी खुर्चीत बसले.

दुआन लेई म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत ना बाई. आम्ही धड उत्तरं दिली नाहीत तर थान सर पहिले येतील." मी सांगितलं होतं. अगदी ह्याच शब्दांत! आणि थाओ यिंगला पोरांनी बजावलं होतं म्हणे, की तुला काहीच लक्षात राहत नाही, तर बाई सांगतील त्याच्या बरोबर उलट कर, पुरे. तिने केलं.

मी रागावायला तोंड उघडलं आणि भलतंच निघालं. म्हटलं, अरे पण माझं घर आहे तिकडे. माझा नवरा आहे तिकडे!

"बाई," कुणीतरी हळूच म्हणालं, "तुमचं लग्न झालंय?" त्यांना माहीतच नव्हतं! शिक्षकांना घर असतं हे मुलांना खरंच वाटत नाही. शाळा सुटली की आम्हाला फळ्यामागे ठेवून देतात असंच त्यांना वाटत असणार. लोंग श्यूचा चेहरा पार उतरला. विचारलं, ते काय काम करतात? म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करतात. फोनवर बोलता का? हो, रविवारी. मग ती खाली बसली.

रागवायचं राहूनच गेलं. वाईट वाटतंय. त्यांचं वाटतंय की माझं, कळत नाही. मला कुणीतरी ठेवून घेण्यासाठी एवढा उपद्व्याप केला, हे आयुष्यात पहिल्यांदा घडलं, आणि ते नेमकं तिथे, जिथून मला निघायचं होतं.

२६ एप्रिल, रविवार

वेनबिनचा फोन नाही. असं कधी होत नाही. मीही केला नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

थान सर गेले. जाताना कपाट उघडून सगळे भोवरे, गोट्या, यो-यो 'अ' तुकडीला देऊन टाकले. पोरं रडली. आता हे खरं होतं की खोटं, मी विचारलं नाही. बदकं माझ्या दाराशी आहेत आणि सकाळी पाचला ओरडतात.

१ मे, शुक्रवार

कामगार दिनाची सुट्टी. दुपारी दार वाजलं, वाटलं बदकांची तक्रार घेऊन कुणी आलं असेल. वेनबिन होता! पाठीवर अंथरूण, हातात हत्यारांची पेटी.

म्हणाला, तुझ्या वर्गाचा फोन आला होता. स्टाफरूमच्या भिंतीवर माझा नंबर आहे म्हणे. शाळेच्या आचाऱ्याच्या मोबाईलवरून, रांग लावून, एकेकाने एकेक वाक्य. तुम्ही आलात तर बाई राहतील. तुम्ही आलात तरच राहतील. गावात नुकत्याच झालेल्या दवाखान्यातली बंद पडलेली लिफ्ट तुम्ही दुरुस्त केली नाहीत तर दुआन लेईच्या आजोबांना पाठीवरून चौथ्या मजल्यावर न्यावं लागेल. तुम्ही नाही आलात तरी आम्ही फोन करतच राहू. मला वाटलं पोरांची गंमत, ठेवून देणार होतो, तो म्हणाला. मग शेवटी एक मुलगी आली, थाओ काहीतरी. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "तुम्ही नाही आलात, तर बाईंना घेऊन जा. इथे त्या एकट्या जेवतात."

दवाखान्याच्या लोकांना तो आधीच भेटून आला होता. सोमवारपासून कामावर. मी त्याच्यापुढे भात ठेवला आणि समोर बसले.

विचारलं, आईंना काय सांगून आलास?

म्हणाला, अजून काहीच नाही.